एफ/१.८ की एफ/१.२? मिररलेस कॅमेऱ्यासाठी फास्ट प्राइम लेन्स कशी पारखायची

मिररलेस कॅमेरा घेतला की सोबत एक किट लेन्स येते. दिवसा, उन्हात, बाहेर फिरताना ती छान काम करते. मग घरात बारसं असतं, हॉलमध्ये साखरपुडा असतो, संध्याकाळी चहाच्या टपरीसमोर मित्राला प्रोफाइल फोटो हवा असतो, आणि तिथे ही लेन्स हात टेकते. फोटो एकतर हललेले येतात, नाहीतर दाणेदार. कुणीतरी सांगतं, "एक फिफ्टी घेऊन टाक." शोधायला गेलं तर एकाच कंपनीच्या दोन-तीन फिफ्टी दिसतात. कॅननचंच बघा. आरएफ माउंटची ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स २०२० मध्ये अमेरिकेत साधारण २०० डॉलरला आली. त्याच माउंटची ५० मिमी एफ/१.२ मात्र २०१८ मध्ये आली तेव्हा जवळपास २,३०० डॉलरची होती. दोन्ही ५० मिमी, दोन्ही प्राइम, दोन्ही "फास्ट". मग किमतीतला दहापटीहून मोठा फरक कशाचा, आणि तो आपल्या फोटोत दिसणार आहे का?

फास्ट म्हणजे नेमकं काय?

प्राइम लेन्सला झूम नसतो. फोकल लेन्थ एकच, जवळ-लांब जायचं तर पायांनी. त्या बदल्यात लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, खूप मोठं ठेवता येतं. जास्त प्रकाश आत येतो, त्यामुळे शटर कमी वेळ उघडं ठेवलं तरी भागतं, म्हणून "फास्ट".

एफ/१.८ मधला १.८ हा एक साधा भागाकार आहे. फोकल लेन्थला समोरून दिसणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागलं की हा आकडा मिळतो. ५० मिमी लेन्सवर एफ/१.८ म्हणजे सुमारे २८ मिमीचं छिद्र, एफ/१.४ म्हणजे ३६ मिमीचं आणि एफ/१.२ म्हणजे जवळपास ४२ मिमीचं. आकडा लहान, छिद्र मोठं. नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो.

आता हिशोब करू. किट लेन्स झूम करून ५० मिमीला नेली की तिचं ॲपर्चर बहुधा एफ/५.६ वर आलेलं असतं. एफ/५.६ आणि एफ/१.८ यांच्यात प्रकाशाचा फरक जवळपास १० पट आहे. मंद उजेडाच्या हॉलमध्ये किट लेन्सवर शटर सेकंदाच्या १/१५ भागावर अडकत असेल, तर तेवढ्याच आयएसओवर एफ/१.८ ची लेन्स १/१५० च्या आसपास देते. १/१५ ला हळद लावणारा हात हलतो आणि फोटो जातो. १/१५० ला तो थांबतो. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन इथे उपयोगाचं नाही. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल थांबवणं त्याच्या हातात नाही.

पण एफ/१.८ वरून एफ/१.४ वर गेलात तर प्रकाश वाढतो साधारण १.६५ पट, आणि एफ/१.२ वर गेलात तर सव्वादोन पट. म्हणजे किट लेन्सवरून स्वस्त प्राइमवर जाताना दहापट प्रकाश मिळतो, आणि त्यानंतर दहापट पैसे मोजले की सव्वादोन पट. केवळ उजेडासाठी लेन्स घेत असाल तर एफ/१.८ च्या पुढे जाण्याचं फारसं कारण नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यापुढचे पैसे दुसऱ्याच गोष्टींसाठी जातात.

आपल्याकडे लागू पडणारी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फास्ट लेन्स मिळाली म्हणून शटर १/५०० वर नेलं की फोटोत आडवे काळे पट्टे दिसू शकतात. अशा दिव्यांखाली १/१०० किंवा १/५० वर राहायचं आणि लेन्सने दिलेला जादा उजेड आयएसओ उतरवायला वापरायचा.

मिररलेसमुळे काय बदललं?

डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असायचा. त्याला वर-खाली व्हायला जागा लागायची, म्हणून निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सचं बूड सेन्सरपासून ४६.५ मिमी दूर असे. आरसा गेला आणि निकॉनच्या झेड माउंटमध्ये हे अंतर १६ मिमीवर आलं. सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ मिमी आहे, कॅननच्या आरएफमध्ये २० मिमी. माउंटचं तोंडही निकॉनने ४४ वरून ५५ मिमी केलं. मोठं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ बसवता येऊ लागलं. मोठ्या ॲपर्चरची लेन्स कडेपर्यंत स्पष्ट ठेवणं त्यामुळे सोपं झालं. (सोपं म्हणजे इंजिनियरला. खिशाला नाही.)

दुसरा बदल फोकसचा. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असे, आणि तो व फोटो काढणारा सेन्सर यांच्यात बारीक तफावत पडली की फोकस डोळ्याऐवजी कानावर जायचा. मिररलेस कॅमेरा फोटो काढणाऱ्या सेन्सरवरच फोकस मोजतो, त्यामुळे ही कटकट जवळपास संपली. शिवाय डोळा ओळखणारा ऑटोफोकस आला. एफ/१.४ वर चालत्या माणसाचा फोटो पूर्वी नशिबाचा खेळ होता, आता तो रोजचं काम झाला आहे.

तीन फिफ्टी, तीन विचार

कॅनन, सोनी आणि निकॉन यांच्या फुल फ्रेम मिररलेस माउंटवरच्या ५० मिमी एफ/१.८ लेन्स शेजारी ठेवल्या तर "एफ/१.८ म्हणजे एफ/१.८" हा समज लगेच गळून पडतो.

कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम वजनाला १६० ग्रॅम. आत सहा भिंगं. फोकस करताना पुढची नळी बाहेर येते. ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं, त्यामुळे ताटातल्या पदार्थाचा फोटोही निघतो. सोनीची एफई ५० मिमी एफ/१.८ (२०१६) १८६ ग्रॅमची, तीतही सहा भिंगं. पण ती ४५ सेंटिमीटरच्या आत येत नाही, आणि तिच्या मोटरचा वेग व आवाज यांबद्दल वापरणाऱ्यांची कुरकुर पहिल्यापासून आहे. निकॉनची झेड ५० मिमी एफ/१.८ एस (२०१८) मात्र ४१५ ग्रॅमची. आत १२ भिंगं, म्हणजे दुप्पट. आली तेव्हा तिची किंमत ६०० डॉलर होती, कॅननच्या तिप्पट.

निकॉनने एफ/१.८ हा आकडा तसाच ठेवून पैसे आणि वजन दुरुस्तीवर खर्च केलं. पूर्ण उघड्या ॲपर्चरवरही फोटो कोपऱ्यापर्यंत स्वच्छ राहावा, रंगांच्या कडा दिसू नयेत, हा त्यामागचा हेतू. कॅननने उलटं केलं: लहान, हलकी, कुणालाही परवडणारी लेन्स द्यायची आणि कोपऱ्यातला मऊपणा सोसायचा. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर आहेत. तेव्हा लेन्स पारखताना फक्त एफ आकडा पाहू नका. ती उघड्या ॲपर्चरवर वापरण्यासारखी आहे का, हा खरा प्रश्न. एफ/१.४ ची लेन्स घेऊन प्रत्येक वेळी एफ/२.८ वर नेऊनच फोटो काढावा लागत असेल, तर जादा पैसे कशाचे दिले?

तपासणी: फोकस सगळ्यात आधी

सोशल मीडियावर लेन्सची चर्चा शार्पनेसवर सुरू होते आणि तिथेच संपते. प्रत्यक्षात फास्ट लेन्सवर वाया गेलेले बहुतेक फोटो फोकस चुकल्याने वाया गेलेले असतात. कारण फोकसमध्ये राहणारा पट्टा फार अरुंद असतो. फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ/१.८ ने दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला तर स्पष्ट भाग सुमारे ६ सेंटिमीटर जाडीचा असतो. ५० मिमी एफ/१.४ ने एक मीटरवरून काढला तर जेमतेम ३ सेंटिमीटर. मान थोडी वळली की एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर.

स्टॅन्ली कुब्रिकने १९७५ च्या "बॅरी लिंडन" या चित्रपटात मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग टिपायला झाइसची ५० मिमी एफ/०.७ लेन्स वापरली होती. ती मुळात नासासाठी बनवलेली. त्या प्रसंगांत फोकसचा पट्टा इतका अरुंद होता, की नटांना पुढे-मागे हलण्याची मुभा जवळपास नव्हतीच. आपल्याकडे बारशाला आलेल्या आत्याला असं बसवून ठेवता येत नाही, म्हणून लेन्सचा ऑटोफोकस चपळ हवा.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एका माणसाला पाच-सहा मीटरवरून तुमच्याकडे नेहमीच्या चालीने चालत यायला सांगा. ॲपर्चर पूर्ण उघडं, आय ऑटोफोकस चालू, सलग वीस फोटो. मग स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून डोळा किती फोटोंत स्पष्ट आहे ते मोजा. हेच संध्याकाळी, कमी उजेडात पुन्हा करा. दिवसा वीसपैकी अठरा देणारी लेन्स रात्री दहावर आली, तर ती कार्यक्रमांसाठी नाही, निवांत पोर्ट्रेटसाठी आहे. रील किंवा व्हिडिओ करत असाल तर कॅमेऱ्याचाच माइक चालू ठेवून फोकस हातावरून चेहऱ्यावर न्या: मोटरची घरघर रेकॉर्ड होते का, आणि फोकस सरकताना चित्र आतबाहेर झूम झाल्यासारखं दिसतं का? या दुसऱ्या दोषाला ब्रीदिंग म्हणतात. फोटो काढणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, व्हिडिओवाल्याला तो छळतो.

शार्पनेस, आणि लेन्स तिरकी बसली आहे का

कंपन्यांच्या वेबसाइटवर एमटीएफ नावाचा आलेख असतो. आडव्या अक्षावर चित्राच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर, उभ्या अक्षावर कॉन्ट्रास्ट. १० रेषांची ओळ लेन्सचा एकूण ठसठशीतपणा सांगते, ३० रेषांची ओळ बारीक तपशील. ओळी वर आणि सपाट, तर चांगलं. मात्र कॅनन, निकॉन, सोनी यांचे असे आलेख डिझाइनवरून गणिताने काढलेले असतात, तुमच्या हातातली लेन्स मोजून काढलेले नव्हे. वेगवेगळ्या कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवून निकाल लावणं त्यामुळे फसवं ठरतं.

तुमच्या हातातल्या नगात भिंग किंचित तिरकं बसलेलं असू शकतं. याला डिसेंटरिंग म्हणतात, आणि महाग लेन्सही त्यातून सुटत नाही. तपासायला लांबची एखादी इमारत किंवा झाडांची रांग घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर, ॲपर्चर पूर्ण उघडं. एकच ठळक गोष्ट, समजा पाण्याची टाकी, आधी मध्यभागी आणि मग चारही कोपऱ्यांत आणून प्रत्येक वेळी तिच्यावरच फोकस करून फोटो काढा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. तीन चांगले आणि एक बिघडलेला असेल, तर तो नग परत करायचा. परत करण्याची मुदत दुकानदाराला आधीच विचारून ठेवा आणि ही तपासणी पहिल्या दोन दिवसांतच उरका.

उघड्या ॲपर्चरवर कोपरे काळसर दिसणं हा फास्ट लेन्सचा सर्रास दोष. एक-दोन स्टॉप बंद केलं की तो बराच जातो, सॉफ्टवेअरमध्येही जातो. चित्राच्या रेषा वाकड्या होण्याचं तसंच. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत या दुरुस्तीची माहिती रॉ फाईलमध्येच असते आणि सॉफ्टवेअर ती आपोआप लावतं. यावर फार वेळ घालवू नका.

सॉफ्टवेअरने न जाणारे दोष

वेळ घालवायचा तो इथे. एक छापील वर्तमानपत्र टेबलावर पसरा आणि साधारण ४५ अंशांच्या कोनातून, जवळून, मधल्या एका ओळीवर फोकस करा. ॲपर्चर पूर्ण उघडं. फोकसच्या पुढची काळी अक्षरं जांभळट आणि मागची हिरवट दिसतात का? हा रंगदोष पांढऱ्या नऊवारीच्या जरीवर, चांदीच्या भांड्यावर, चष्म्याच्या कडेवर हमखास उठून दिसतो. तो संगणकावर घालवायला गेलं तर खरे रंगही धुतले जातात. स्वस्त आणि महाग फिफ्टीमधला सगळ्यात मोठा फरक माझ्या मते इथे आहे. निकॉनची १२ भिंगं काय करतात, हे पाहायचं तर तेही या वर्तमानपत्रावरच दिसतं.

दुसरा दोष कोमा. रात्री दूरचा रस्त्यावरचा दिवा फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवा. ठिपका ठिपकाच राहतो, की पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसतो? रात्रीचं शहर, दिवाळीची रोषणाई किंवा चांदण्यांचे फोटो काढायचे असतील तर ही परीक्षा निर्णायक आहे. फक्त माणसांचे फोटो काढणाऱ्याने ती सोडून दिली तरी चालेल.

मग बोके. पार्श्वभूमी किती धूसर होते यापेक्षा कशी धूसर होते ते पाहायचं. मागे पानांची गर्दी किंवा दिव्यांची माळ घ्या. दिव्यांचे गोळे मऊ आणि सपाट हवेत. गोळ्यात कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं दिसली, तर ती बहुधा साच्यात घडवलेल्या ॲस्फेरिकल भिंगाची खूण. कडेचे गोळे मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होणं जवळपास प्रत्येक फास्ट लेन्समध्ये असतं. काहींना त्यातली भोवऱ्यासारखी फिरकी आवडतेही.

गोळे एका बाजूने कापल्यासारखे दिसले तर मात्र लेन्सला दोष देण्याआधी कॅमेऱ्याची सेटिंग बघा. इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन शटर चालू असताना १/१००० च्या पुढच्या वेगावर मोठ्या ॲपर्चरचा बोके असा तुटू शकतो. मेकॅनिकल किंवा पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की गोळा पुन्हा पूर्ण होतो. सोनी ए७सी, कॅनन आर८ अशा काही कॅमेऱ्यांत पूर्ण मेकॅनिकल शटर नाहीच, तेव्हा हे आधी माहीत असलेलं बरं.

ऊन ही फास्ट लेन्सची वेगळीच अडचण. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१.८ ला शटर १/८००० च्या आसपास लागतं, एफ/१.४ ला १/१२,८०० च्या. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/४००० ला थांबतं. भर दुपारी पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर किंवा एनडी फिल्टर लागणार. व्हिडिओला तर एनडी हवाच.

५० घ्यायची की ३५?

एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर (सोनी ए६४००, निकॉन झेड५०, कॅनन आर५०, फुजीचे एक्स मालिकेतले कॅमेरे) ५० मिमी लेन्स ७५ ते ८० मिमी एवढीच चौकट दाखवते. म्हणजे ती अर्धी पोर्ट्रेट लेन्स झाली. दहा बाय बाराच्या खोलीत वाढदिवसाचा केक कापताना तुम्ही भिंतीला पाठ टेकाल आणि तरी अर्धे लोक फ्रेमबाहेर राहतील. अशा कॅमेऱ्यावर पहिली प्राइम २३ ते ३५ मिमीच्या दरम्यानची घ्यावी. खात्री करायची असेल तर किट लेन्स त्या आकड्यावर चिकटपट्टीने बांधून एक आठवडा फक्त तिनेच फोटो काढा. फुकट चाचणी आहे.

माउंट पाहून पर्यायही बदलतात. सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्येच इतर कंपन्यांना खुली केली, त्यामुळे तिथे सिग्मा, टॅमरॉन, व्हिलट्रॉक्स यांची गर्दी आहे. कॅननच्या आरएफ माउंटवर सिग्मा आणि टॅमरॉनच्या एपीएस-सी लेन्स येणार असल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. सिग्माची ५६ मिमी एफ/१.४ फक्त २८० ग्रॅमची आहे आणि एपीएस-सीवर ८५ मिमीच्या आसपासचं काम करते.

एफ/१.२ कुणी घ्यावी?

ज्याचं पोट त्यावर आहे त्याने. आणि त्यानेही आधी भाड्याने घेऊन एक पूर्ण लग्न काढून पाहावं. निकॉनची झेड ५० मिमी एफ/१.२ एस १,०९० ग्रॅमची आहे, कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.२ ९५० ग्रॅमची, सोनीची एफ/१.२ ७७८ ग्रॅमची. सकाळी सातच्या मुहूर्तापासून रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत किलोभर लेन्स हातात धरल्यावर मनगट काय म्हणतं, ते कुठल्याही आलेखात नसतं. मधला मार्ग आता बरा उपलब्ध आहे. सोनीची ५० मिमी एफ/१.४ जीएम (२०२३) ५१६ ग्रॅमची आणि निकॉनची झेड ५० मिमी एफ/१.४ (२०२४) ४२० ग्रॅमची आहे.

वापरलेली लेन्स घेताना

जुन्या बाजारात फिफ्टी भरपूर मिळतात, कारण अनेक जण हौसेने घेतात आणि वर्षभरात विकतात. तुमचा त्यात फायदा आहे, पण टॉर्च सोबत न्या. लेन्स कॅमेऱ्यावरून काढून, ॲपर्चर उघडं असेल तर मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरकं पाहा. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या, फोटोत ते दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी. कोकण, गोवा, मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सना ती लागते आणि काचेवरचा लेप कायमचा खाते. किंमत कितीही पडलेली असली तरी अशी लेन्स घेऊ नका.

मागचे धातूचे कॉन्टॅक्ट स्वच्छ आहेत का, माउंटवर ठोकर लागल्याची खूण आहे का, फोकस रिंग अडखळते का, हे बघा. तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून वर सांगितलेली कोपऱ्यांची आणि चालत येणाऱ्या माणसाची चाचणी तिथेच करा. विकणारा दहा मिनिटं द्यायला तयार नसेल तर लेन्स त्याच्याकडेच राहू द्या. घरी आणल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवायची, आणि पुड्या ओलसर झाल्या की बदलायच्या.